'प्रकल्पग्रस्त' : वृत्तलेखनातील एका पदाचा अर्थविचार

सार्वजनिक प्रयोजनासाठी झालेल्या भूसंपादनामुळे ज्याचे घर, शेत अथवा उपजीविका गेली तो प्रकल्पग्रस्त, हा या पदाचा मूलार्थ होय. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त ही पदे याच घडणीची आहेत. पूर्वपद ग्रासणारे कारण सांगते. परंतु पूर ओसरला की पूरग्रस्तता संपते. प्रकल्प मात्र ओसरत नाही. त्यामुळे नवी मुंबई परिसरातील पनवेल-उरणच्या वृत्तांत हे पद अर्धशतकाहून अधिक काळ टिकले आहे आणि त्या काळात त्याला एकाहून अधिक अर्थ चिकटले आहेत. त्यांपैकी तीन प्रमुख होत.

पहिला अर्थ हानिवाचक. १९७० मध्ये सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. यांतील बहुसंख्य गावांत शेती गेली, गावठाण राहिले. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा आदी दहा गावांतील घरेही गेली. २०१३ चा भूसंपादन कायदा 'बाधित' आणि 'विस्थापित' कुटुंबांत भेद करतो. बातमी दोघांनाही प्रकल्पग्रस्तच म्हणते. शेत गमावणे आणि उंबरठा गमावणे या एकाच प्रतीच्या हानी नव्हेत. म्हणून येथे अर्थाची सरमिसळ होते, असे म्हणावे लागते.

दुसरा अर्थ अधिकारवाचक. साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात परत मिळणारा) विकसित भूखंड, विमानतळबाधितांसाठीची साडेबावीस टक्के योजना, शासकीय नोकरभरतीतील पाच टक्के समांतर आरक्षण, या संदर्भांत 'प्रकल्पग्रस्त' म्हणजे पात्रता सिद्ध करणारी कागदपत्रे असलेला इसम. आता निकष हानीचा राहत नाही, नोंदीचा होतो. यातून दोन परिणाम निघतात. (१) नोंद वारसाकडे जाते. ज्याने ते शेत कधी कसले नाही असा नातूही प्रकल्पग्रस्त ठरतो, आणि मिळालेला भूखंड विकल्यानंतरही त्याला तसेच संबोधले जाते. (२) सातबाऱ्यावर ज्याचे नाव नव्हते, तो हानी होऊनही बाहेर राहतो. मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, खाडीत जाळे टाकणारा कोळी हे पहिल्या अर्थाने निःसंशय प्रकल्पग्रस्त आहेत. दुसऱ्या अर्थाने त्यांना प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे झगडावे लागते. 'सर्व प्रकल्पग्रस्तांना लाभ' असे वाक्य वार्ताहर लिहितो, तेव्हा 'सर्व' हे विशेषण दुसऱ्या अर्थाला लागलेले असते आणि वाचक ते पहिल्या अर्थाला लावतो. या विषयातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे, कारण ज्याची दखल घ्यायची राहून गेली तोच या वाक्यात समाविष्ट झाल्यासारखा दिसतो.

तिसरा अर्थ समूहवाचक. 'प्रकल्पग्रस्त आक्रमक', 'प्रकल्पग्रस्त एकवटले' अशा शीर्षकांत हे पद राजकीय कर्त्याचे नाम असते. याला आधार इतिहासाचा आहे. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला, आणि विखुरलेल्या खातेदारांची एक सामूहिक ओळख दृढ झाली. जून २०२१ मध्ये विमानतळाला पाटील यांचे नाव द्यावे म्हणून सिडकोला घेराव घालण्यात आला, तेव्हा मागणी मोबदल्याची नव्हती, सन्मानाची होती. तेथे हे पद 'भूमिपुत्र' या पदाच्या निकट जाते.

हे तीन अर्थ एकाच बातमीत कसे मिसळतात, ते गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या प्रश्नात दिसते. कुटुंब वाढले, गावठाण वाढले नाही, म्हणून लगतच्या संपादित जमिनीवर घरे उभी राहिली. मागणी समूह करतो, लाभ नोंदीनुसार ठरतो, समर्थन हानीच्या आधारे दिले जाते. मात्र अशा इमारतींत आज मूळ कुटुंबाबरोबर भाडेकरू आणि खोली विकत घेतलेला परगावचा नोकरदारही राहतो. 'प्रकल्पग्रस्तांची घरे नियमित होणार' या शीर्षकाखाली पहिल्याच परिच्छेदात तीन गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत: जमीन कोणाची गेली, नोंद कोणाच्या नावे आहे, आणि त्या घरात आज कोण राहते.