‘आपल्यात’ या शब्दाचा इतिहास : दादरच्या वस्तीतून

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा ज्ञातीची उत्पत्ती, गोत्रे व कुलदैवते या नेहमीच्या विषयांकडे आमचे मन वळले नाही. त्यांवर पूर्वीच्या अंकांतून जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस एका लहानशा शब्दाची चौकशी करावीशी वाटली. तो शब्द म्हणजे ‘आपल्यात’. ‘आपल्यात असे करीत नाहीत’ हे वाक्य ज्याने बालपणी ऐकले नाही असा वाचक या पानावर बहुधा नसेलच. पानात मीठ कोणत्या बाजूस वाढावयाचे, सोयरिकीच्या बैठकीत कोणी बोलावयाचे, कोणाकडे पाणी घ्यावयाचे आणि कोणाकडे ‘आत्ताच पिऊन आलो’ म्हणावयाचे, हे सारे याच शब्दाने आम्हांस शिकविले. मूल ‘मी’ म्हणावयास लागते त्यापूर्वीच ‘आपण’ कोण हे त्याच्यासाठी ठरलेले असते.

मराठीची एक खुबी येथे ध्यानात घ्यावी. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. म्हणजे कोणाला आत घ्यावयाचे याचा निवाडा वाक्यागणिक होत असतो.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार ज्यांनी केला त्यांतील एक थोर पुरुष पुढे दादरकरच झाला. 1916 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. एका वर्गाने स्वतःभोवती दारे लावून घेतली आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांनी तेथे मांडले. त्यासाठी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणविषयक सिद्धांताचा त्यांनी आधार घेतला. वरच्याकडे पाहून खालच्याने शिकावे व त्यालाच आपला धर्म समजावे, हे आमच्या माजघरातही चालत होते. फक्त त्याला आम्ही ‘वळण’ म्हणत होतो.

आता दादरकडे येऊ. 1896 साली मांडवीत प्लेगचा उद्भव झाला आणि दाट वस्ती मोकळी करण्यासाठी 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व इमारतींचे भूखंड पडले. परंतु वस्त्यांची नावे काय पडली पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी! गावदेवीस 1915 साली सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली, तीही ज्ञातीच्या नात्यावरच. गटारे नवीन, जिने नवीन, पण शेजार जुना हवा होता. किंबहुना, आमचे तर असे मत आहे की गावी जी ज्ञाति नुसती सवयीने होती, ती मुंबईत यादी, वर्गणी व वार्षिक सभा यांनी अधिक घट्ट झाली. आपली स्मरणिकाही त्यातलीच, हे कबूल केलेले बरे.

या पार्श्वभूमीवर 1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात जो प्रसंग घडला त्याचे मोल आहे. वर्गणी सर्व हिंदूंकडून घेतली जाते, तर मग पूजेचा अधिकार अस्पृश्य बांधवांना का नाही, असा रोखठोक सवाल प्रबोधनकार ठाकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकला. रावबहादुर सी. के. बोले व डॉ. आंबेडकर हेही त्या प्रकरणात होते. हे तेच बोले, ज्यांच्या 1923 च्या ठरावाने सार्वजनिक विहिरी, तळी व धर्मशाळा सर्वांस खुल्या कराव्या असे मुंबईच्या कायदे मंडळात मान्य झाले होते. कागदावर ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ ठरला होता. मांडवात तो ठरावयाचा होता. पुष्कळ ताणाताणीनंतर तोड निघाली ती अशी की, अस्पृश्य गृहस्थाने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावी व पुजाऱ्याने ती मूर्तीस वाहावी.

एवढ्या लहान अंतरासाठी एवढा वाद! परंतु ते अंतर हातांचे नव्हते. विरोध करणारे सारेच दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांतले कितीतरी इंग्रजी शिकलेले, कचेरीत सर्वांच्या शेजारी बसणारे, लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून येणारे असतील. त्यांनी फुले नाकारली त्या क्षणी त्यांच्या तोंडून त्यांची आजी बोलत होती. त्या मांडवात दोन्ही बाजूंस आपल्या ज्ञातीची माणसे असली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. मात्र आपण घरी सांगतो त्या गोष्टींत आपले पूर्वज नेहमी सुधारकांच्याच बाजूस उभे असतात.

त्याच वर्षी प्रबोधनकार व त्यांच्या मित्रांनी दादरला शिवभवानीचा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. यातील मर्म आम्हांस उशिरा उमगले. नुसत्या व्याख्यानाने मनुष्याचे वळण बदलत नाही. त्याच्या हातास दुसरे काही करावयास द्यावे लागते. शिवाजी पार्कचेही तसेच. 1925 साली खुल्या झालेल्या या मैदानास 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने महाराजांचे नाव मिळाले. तेथे चेंडू आणावयास धावणाऱ्या पोराला कोणी गोत्र विचारीत नसे. पोर मात्र घरी परतल्यावर पाय धुऊन पुन्हा ‘आपल्यात’ शिरे.

7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या देहास अग्नी दिला गेला. तेव्हापासून दर 6 डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यापासून लक्षावधी माणसे येथे येतात. त्यांच्या मनातले दादर हिंदू कॉलनीचे नव्हे, चैत्यभूमीचे आहे. फार तर त्या कॉलनीतील ‘राजगृह’ एवढे ते ओळखतात. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे त्या दिवशी दारे-खिडक्या लावून घेत, वा सरळ पुण्यास निघून जात. आमचे घरही त्यांतलेच होते.

एका वर्षी घरच्या धाकट्या सूनबाईंनी इमारतीच्या फाटकाशी पाण्याची पिंपे व पेले मांडले. वडील मंडळींपैकी एकांनी वरून विचारले, ‘‘आपल्यात हे केव्हापासून?’’

‘‘आजपासून, मामंजी,’’ त्या म्हणाल्या, आणि पेला विसळून पुढच्या माणसास दिला.