‘हृदयविकाराने मृत्यू’ : दाखल्यावर न लिहिलेल्या कारणाचा इतिहास

वस्तीतला पन्नाशीचा माणूस छातीत कळ येऊन जातो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिले जाते. शेजारी म्हणतात, तंबाखू खायचा. नातेवाईक म्हणतात, टेन्शन होते. डॉक्टर सांगतात, बीपी आधीपासूनच होते. हे सगळे खरे असू शकते. पण हा माणूस वीस-पंचवीस वर्षे कुठली हवा छातीत घेत होता, हे कुणीच विचारत नाही. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न न विचारण्यालाही एक इतिहास आहे आणि तो चळवळीतल्या तरुणांना माहीत असला पाहिजे.

डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूझ नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्यात अडकून बसला. काही दिवसांत साठच्या वर माणसे दगावली. त्यांत म्हातारी आणि आधीच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेली माणसे जास्त होती. चौकशीत कारखान्यांच्या वायूंवर ठपका आला. चौकशीतले एक तज्ज्ञ फिरके यांनी पुढे हिशोब मांडून इशारा दिला की, लंडनमध्ये असे घडले तर तीन हजारांवर माणसे मरतील. तो इशारा कुणी मनावर घेतला नाही.

५ ते ९ डिसेंबर १९५२. लंडनवर दगडी कोळशाचा धूर पाच दिवस साचून राहिला. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे जास्त मेली. मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक वाढले ते ईस्ट एंडमध्ये, म्हणजे गोदी कामगारांच्या आणि गरिबांच्या भागात. धुके विरल्यानंतरही मार्च १९५३ पर्यंत मृत्यूंचा आकडा चढाच होता. सरकारी खात्याने त्याचे खापर फ्लूवर फोडले. २००१ साली संशोधकांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एकूण बळी सुमारे १२,००० निघाले. आठ हजार मृत्यू पन्नास वर्षे दुसऱ्याच रकान्यात पडून होते. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पण ‘ते आधीच आजारी होते, तसेही जाणारच होते’ हा युक्तिवाद काही गेला नाही.

या युक्तिवादाला खरा तडा दिला तो आकड्यांनी. १९९३ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माणसांची नोंद त्यांनी चौदा ते सोळा वर्षे ठेवली होती. वय, सिगारेट, शिक्षण यांचा फरक वजा करूनही, सर्वांत घाण हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाले. ‘सगळा दोष बिडी-सिगारेटचा’ हे म्हणणे तिथे टिकले नाही. २००४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही जाहीर निवेदन काढून हवेच्या प्रदूषणाला हृदयविकाराशी जोडले.

हे शरीरात घडते कसे? पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक असतात. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत. फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचून दाह निर्माण करतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ठोक्यांची लय बिघडू शकते. निरोगी माणूस हे काही काळ सोसतो. पण ज्याची रक्तवाहिनी आधीच अरुंद झाली आहे, ज्याचे हृदय आधीच कमजोर आहे, त्याला धुराचे काही तास किंवा काही दिवसही अॅटॅकपर्यंत नेऊ शकतात. म्हणून ‘आधीच आजारी होता’ हे वाक्य धुराला निर्दोष सोडण्यासाठी वापरता येत नाही. उलट, आजारी माणसाला त्या धुरात का ठेवले, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

आता आपल्याकडे या. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर आणि दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ, हा गावगाड्याचा नियम बाबासाहेबांनी नोंदवून ठेवला आहे. ज्यांच्या स्पर्शाने ‘विटाळ’ होतो असे सांगितले, त्यांच्याच वाट्याला गावाची घाण दिली गेली. शहरात हा नियम मोडेल अशी आशा होती. मुंबईने काय केले?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर शहराचा कचरा दूर नेण्यासाठी चेंबूर-देवनारची दलदलीची जमीन घेतली गेली आणि १८९९ पासून तिथे कचरा पडू लागला. १९५४-५५ मध्ये माहुल-ट्रॉम्बे परिसरात तेल शुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना आला. त्याच पट्ट्यात शहराला नको असलेली माणसेही पाठवली गेली. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून हजारो लोकांना चिता कॅम्पमध्ये टाकले. आज या एम-पूर्व वॉर्डात मोठ्या संख्येने दलित, मुस्लिम आणि पोटासाठी आलेले स्थलांतरित राहतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला, तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि आसपासच्या सत्तरहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा बंद झाल्या, पण डोंगराच्या पायथ्याशी झोपणारे हृदयरोगी जाणार कुठे?

माहुल तर कालचीच गोष्ट. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून लोकांना २०१७ पासून माहुलच्या इमारतींत धाडले. तिथल्या हवेपासून आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. लोक रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून दरमहा १५,००० रुपये घरभाडे देण्याचा आदेश दिला. २०२० साली लवादाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. धोका कागदावर माहीत असूनही माणसे तिथे धाडली गेली, याला अपघात म्हणता येत नाही.

‘जीवनशैली बदला’ असे आपल्याला सांगतात. तंबाखू सोडलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण श्वास कसा सोडणार? सकाळी मोकळ्या हवेत चाला म्हणतात, ती मोकळी हवा कुठल्या वॉर्डात मिळते? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगते आणि आपले २००९ चे मानक ४० आहे. म्हणजे आठपट. त्यातही शहराच्या सरासरीत देवनारचा धूर झाकला जातो.

लंडनमध्ये एला किस्सी-डेब्राह ही नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी २०१३ साली दम्याने गेली. तिचे घर वाहनांच्या वर्दळीच्या रस्त्याजवळ होते. आईने वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०२० साली मृत्यूच्या कारणांत ‘हवेचे प्रदूषण’ अधिकृतपणे लिहिले गेले. तिथे हे होऊ शकते, तर इथे का नाही?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. हवा मोजणारी यंत्रे वस्तीत बसवा आणि रोजचे आकडे मराठीत लावा. हृदयविकाराच्या मृत्यूंची नोंद वॉर्ड, व्यवसाय आणि सामाजिक गटानुसार जाहीर करा. सफाई कामगार, कचरावेचक, हमाल यांची ईसीजी-बीपी तपासणी मोफत आणि नियमित करा. विषारी हवेत पुनर्वसन बंद करा.

तोवर आपणही एवढे करूया. वस्तीत कचरा जाळू देऊ नका. धुराच्या दिवशी हृदयरोग्याला जड काम सांगू नका, त्याच्या गोळ्या चुकू देऊ नका. छातीत दाब किंवा दम वाटला तर ‘गॅस असेल’ म्हणत घरी बसवू नका, १०८ ला फोन करा. आणि कुणी गेलेच, तर सांत्वनाला जाताना त्याचा पत्ता, त्याचे काम आणि तिथे राहिल्याची वर्षे वहीत लिहून ठेवा. लंडनचे आठ हजार बळी पन्नास वर्षांनी सापडले, कारण नोंदी शिल्लक होत्या. आपल्या माणसांच्या नोंदी आपल्यालाच ठेवाव्या लागतील.

जय भीम!