मुक्काम उमापूर, तालुका गेवराई

शेवगांवाहून बोधेगांवावरून गेवराईकडे निघालें म्हणजे वाटेंत उमापूर लागतें. या गांवीं कोणास पत्र धाडावयाचें असल्यास आपण पाकिटावर लिहितों : मुक्काम उमापूर, पोस्ट उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. आतां यांतील मुक्काम अरबी, तालुका अरबी, जिल्हाहि अरबी, आणि पोस्ट इंग्रजी. गांवांचीं नांवें तेवढीं आपलीं. तीं कोठें आहेत हें सांगण्याचें काम परक्या शब्दांनीं पत्करलें आहे. पोस्टमनास यांत कांहीं वावगें दिसत नाहीं, व पत्र बिनबोभाट पोंचतें.

श्रोतेहो, हे पाहुणे घरांतून घालवावे, असा विचार आपल्याकडे मोठमोठ्यांनीं केलेला आहे. शिवाजी महाराजांनीं रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारी फारशी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठीं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि सरनोबताचा सेनापति. यांतील सचिव आणि मंत्री आज मुंबईस एकाच इमारतींत बसतात, म्हणजे ते शब्द चांगलेच रुजले. मुख्य प्रधानाची मात्र गंमत झाली. पुढील शंभर वर्षें पुण्यांत ज्यांनीं राज्य चालविलें, त्यांच्या शिक्क्यावर मुख्य प्रधान असत आणि लोकांच्या तोंडीं पेशवे. हुकूम शिक्क्यापर्यंत पोंचला, तोंडापर्यंत पोंचला नाहीं.

उमापूर ज्या सरहद्दीवर आहे, तेथें ही तोंडाची आणि शिक्क्याची तफावत रोजच्या व्यवहारांत दिसे. पश्चिमेस अहमदनगर जिल्हा, तो इंग्रजांच्या मुंबई इलाख्यांत. अलीकडे बीड, तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. नगरकडील लोक या भागास मोगलाई म्हणत. दिल्लीचा मोगल १८५७ नंतर नांवालाहि उरला नव्हता, तरी मोगलाई उरली, इतकेंच नव्हे, तर कोठें अंदाधुंदी दिसली कीं "ही काय मोगलाई आहे?" असें विचारण्याची चाल पडली. मोगलाईंतल्या माणसानें हा प्रश्न ऐकून काय करावयाचें, याचा विचार कोणी केलेला दिसत नाहीं.

या अदृश्य रेषेवर निजाम सरकारचे करोडगिरीचे नाके असत. माल त्या नाक्यांवर अडे. वार, तिथि आणि पैसा हीं मात्र नाक्यावर न अडतां आपोआप बदलत. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. सहा कलदारांस सात हाली हा ढोबळ भाव. त्यामुळें उमापूरच्या बाजारकरूस शाळेची पायरी न चढतांहि त्रैराशिक येत असलें पाहिजे. तिकडे इसवी सन, इकडे फसली. फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई व त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे असत. हीं नांवें मूळचीं प्राचीन इराणचीं, आणि मुंबईचे पारशी आपल्या धर्मकृत्यांसाठीं याच नांवांचे महिने पाळतात. झरथुष्ट्राच्या अनुयायांचे महिने मुसलमान संस्थानिकाच्या दफ्तरांत बसले आणि त्यांनीं मराठी कुणब्याचा सारा मोजला! कुणबी स्वतः पेरणी करी ती रोहिणी-मृगाच्या हिशेबानें.

पण सर्वांत मोठी मौज सुटीची. नगरकडे कचेरी व शाळा बंद रविवारीं, निजामी राज्यांत जुम्म्यास, म्हणजे शुक्रवारीं. पलीकडे मामाकडे शुक्रवारीं गेलेल्या भाच्यास मामेभाऊ शाळेंत गेलेले आढळावे, आणि रविवारीं मामेभाऊ मोकळे होत तों याच्या शाळेची घंटा वाजलेली असावी, असा हा प्रकार. आपलें जुनें शिक्षण या दोन्ही वारांस ओळखत नव्हतें. पाठशाळेंत अनध्याय पाळीत तो तिथीवरून : प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या. रविवार कामगाराच्या पदरांत पडला तोहि फुकट नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कित्येक वर्षें खटपट केली, तेव्हां १८९० सालीं मालकांनीं तो मान्य केला. कित्येक गांवीं बैलास मात्र सोमवारीं जुंपीत नसत, कारण तो महादेवाचा व म्हणून नंदीचा दिवस. म्हणजे आठवड्याची रजा माणसाच्या आधीं बैलास मिळाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

शब्द पाहावे तर तेहि स्वभावानुसार. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पवित्र दिवस. निजामी कचेरींतील तातील म्हणजे काम थांबविणें. रजा म्हणजे संमति; ती वरिष्ठाची असावी लागते. आपली सुटी मात्र सरळ सुटणें या क्रियापदापासून निघाली, आणि दावणीचें वांसरूं सुटावें तशी ती ऐकूं येते. सात दिवसांच्या मुदतीस आठवडा म्हणणारीहि आपलीच भाषा. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत दोन्ही टोंकें धरून मोजलें म्हणजे आठ भरतात, आणि ज्याचा आठवडा बाजारावरून चालतो त्याला हाच हिशेब बरोबर वाटतो.

येथवर हंसून झालें. पण या रेषेच्या अलीकडे राहण्याची एक किंमत होती. हैदराबादेंत १८८४ च्या सुमारास फारशी जाऊन उर्दू राजभाषा झाली. १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें सर्व उच्च शिक्षण उर्दूंतून देऊं केलें. देशी भाषेंतून शास्त्रें शिकवावीं हा विचार त्या काळीं धाडसाचा होता आणि त्याचें श्रेय त्या विद्यापीठास दिलेंच पाहिजे. परंतु संस्थानांत सुमारें चौथा हिस्सा लोक मराठी बोलणारे होते व तेलुगू बोलणारे तर निम्म्याच्या घरांत. मराठी मुलास मातृभाषा प्राथमिक इयत्तांपुरती. पुढें बीजगणितहि उर्दूंत. म्हणूनच अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या खासगी शाळांस केवळ शाळेपेक्षां मोठें महत्त्व आलें. तेथें स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, आणि पुढें तेच मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. जुम्म्याची सुटी गेली, रविवार आला. हाली गेला, आजूर आणि बहमन दफ्तरांत गुंडाळले गेले. जें सरकारानें आणलें होतें तें सरकाराबरोबर गेलें. मौजे, रकबा, वल्द, बागाईत, जमाबंदी हे शब्द राहिले, कारण ते फार पूर्वीं घरचे झाले होते. पैठणास एकनाथांनीं सोळाव्या शतकांत अर्जदस्त लिहिली, तीहि फारशी शब्दांनीं भरलेली. आणि पैठण येथून लांब नाहीं.

गेली ती लिपि. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हां उर्दू आणि मोडी वाचणारे मिळविणें हेंहि एक काम होऊन बसलें. ज्या कागदावर एखाद्या घराण्याचा दाखला अवलंबून, तोच त्या घरांत कोणास वाचतां येत नाहीं. वर तारीख खुर्दाद १३४० फसली. त्यांत ५९१ मिळवावे म्हणजे १९३१ सालचा एप्रिल-मे निघतो, हेंहि सांगणारा लागतो. मग कागद घेऊन उर्दू शाळेच्या शिक्षकांकडे जावयाचें. ते चष्मा सारखा करून उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत मोठ्यानें वाचूं लागतात : मौजे अमुक, तालुका अमुक, अमुक वल्द अमुक, रकबा इतका, जमीन जिराईत. मध्येंच थांबून ते विचारतात, "अर्थ सांगूं का?" आणि समोर बसलेला शेतकरी म्हणतो, "नको गुरुजी, एवढें समजतंय कीं."