नांवाचें मोल

संयुक्त राज्य मोडलें म्हणजे त्याचे घटक स्वतंत्र होतात. परंतु स्वातंत्र्याच्या मागोमाग शेजारधर्म आपोआप येत नाहीं. युगोस्लाव्हियाच्या इतिहासांत याचीं रक्तरंजित उदाहरणें पुष्कळ आहेत. आम्ही येथें मॅसिडोनियाचें घेतों.

१९९१ सालीं हें राज्य रक्तपाताविना विभक्त झालें. पण त्याचें नांवच ग्रीसला खुपलें, कारण त्याच नांवाचा प्रांत ग्रीसमध्येंहि आहे. १९९४ सालीं ग्रीसनें त्याचा व्यापार कोंडला. घरांतहि स्वस्थता नव्हती. २००१ सालीं अल्बेनियन बंडखोर व सरकार यांच्यांत शस्त्रें चाललीं. तेव्हां ओह्रिडच्या करारानें ठरलें कीं, भाषा व संस्कृति यांविषयींच्या कायद्यांस नुसतें बहुमत पुरें नाहीं, अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींचेंहि बहुमत हवें.

पुढें २०१८ सालीं प्रेस्पा सरोवराच्या कांठीं ग्रीसशीं करार होऊन ‘उत्तर मॅसिडोनिया’ हें नांव ठरलें. सार्वमतास जे आले त्यांपैकीं बहुतेकांनीं होकार दिला. परंतु निम्म्याहून अधिक मतदार घरींच राहिले. अखेर २०१९ सालीं संसदेनें दोन तृतीयांश मतांनीं घटना बदलली. २०२० सालीं देश नाटोंत गेला; पण त्याच वर्षीं बल्गेरियानें भाषेचा व इतिहासाचा वाद काढून युरोपीय संघाची वाट अडविली.

नांव देऊन शेजार जोडणें शहाणपणाचेंच होतें, असें आम्हांस वाटतें. मात्र त्यागाचें फळ दिसलें नाहीं, तर जनतेचा लोकशाहीवरचाच विश्वास ढळतो; आणि तो राखण्याचा भार लहान राज्यापेक्षां त्याच्या बलिष्ठ शेजाऱ्यांवर अधिक आहे.