बंदूक, माळ आणि हुमायून अब्दुलअली

स्वातंत्र्याच्या वेळी आमच्या तासगाव भागाचा नकाशा गोधडीसारखा होता. तासगाव १८४८ पासून इंग्रजी अमलात, सातारा जिल्ह्यातला तालुका. जवळचं कुंडल मात्र औंध संस्थानात. सांगली-मिरज पटवर्धनांकडे, पूर्वेला जत डफळ्यांकडे. इंग्रजी मुलखात १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा होता, तर संस्थानांत शिकारीबाबत दरबाराचा शब्द चाले. शेजारच्या कोल्हापूर दरबारची चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार तर प्रसिद्धच होती. काळविटाला मात्र कोणाची हद्द कुठं संपते हे ठाऊक नव्हतं.

१९४८ मध्ये दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि तासगाव त्यात आलं. (त्याचं सांगली हे नाव १९६० चं.) पण महायुद्धानंतर जीपगाड्या आणि प्रखर दिवे सहज मिळू लागले होते. उघड्या माळावर रात्री दिव्याच्या झोतात जनावर थबकतं आणि मारणाऱ्याला फारसं कौशल्य लागत नाही. १९४७ मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते एकाच रात्री मारले गेले. देशातले ते शेवटचे ज्ञात चित्ते मानले जातात.

अशा वेळी मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला. शिकारीला परवाना, ठरावीक काळात शिकारबंदी, अभयारण्य घोषित करण्याची तरतूद आणि सरकारला सल्ला देणारं मंडळ अशी त्याची रचना होती. विलीन झालेले मुलूख आणि जुने जिल्हे आता एकाच नियमाखाली आले. या कायद्याच्या मसुद्यामागे ज्यांची मेहनत होती त्यांत हुमायून अब्दुलअली यांचं नाव प्रमुख आहे.

सलीम अली आपल्याला माहीत असतात. त्यांच्याच नात्यातले हुमायून (१९१४-२००१) मात्र आपल्या घरांतही फारसे कुणाला माहीत नाहीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ते पन्नासच्या दशकात मानद सचिव होते. तरुणपणी स्वतः बंदूक घेऊन फिरलेले असल्याने शिकारी पळवाट कुठून काढतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पुढे बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्धही त्यांनी लेखणी चालवली. बेडूक गेले तर पिकांवरचे किडे कोण खाणार, हा त्यांचा रोकडा सवाल. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहणाऱ्या एका बेडकाच्या शास्त्रीय नावात 'हुमायूनी' आहे, ते त्यांच्यावरूनच.

राज्याचा कायदा महत्त्वाचा का, हे घटनेतून कळतं. वन्य प्राण्यांचं संरक्षण हा तेव्हा राज्यसूचीतला विषय होता. म्हणूनच १९७२ चा केंद्रीय कायदा करण्यासाठी संसदेला आधी राज्यांचे ठराव घ्यावे लागले. ११ राज्यांनी ते दिले. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता, आपण तो कायदा नंतर स्वीकारला. हा विषय समवर्ती सूचीत आला तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे २० वर्षांहून अधिक काळ आमच्या माळावरच्या जनावराचा आधार होता तो १९५१ चा कायदाच.

तो पुरेसा होता का? कायद्याने बंदूक अडवली, नांगर अडवला नाही. महसुली कागदांत गवताळ माळ 'पडीक' ठरला. पाणी आलं तसे द्राक्षांचे मांडव पसरले. त्या मांडवांनी तासगावला सुबत्ता दिली, ती मी नाकारत नाही. पण माळढोकासारख्या पक्ष्याला मोकळं गवत लागतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तरी तो सावरला नाही. उलट उदाहरणही जवळच आहे. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने झाडं वाढली, बाहेरून हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य घोषित झालं.

शिकार, मांस हे शब्द निघाले की आज पहिली नजर आपल्याकडे वळते. त्याला उत्तर म्हणून हुमायून यांचं नाव फडकवावं असं मला वाटत नाही. ते नागरिक म्हणून कामाला बसले होते. पण इहराममध्ये शिकार हराम का, मदिनेच्या परिसरात झाडं तोडायला आणि शिकारीला मनाई का, कुरआनच्या सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती का म्हटलंय, यावर आपल्या मशिदींत किती बयान होतात?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं आवश्यक केलं आहे. गावातल्या झाडांची, जनावरांची लोकनोंदवही करणं हे तिचं काम. आपल्या गावची ही नोंदवही मागून पाहा. त्यात माळावरचं गवत, ससा, तितर, खोकड यांची नोंद आहे का ते तपासा. नसेल तर जुन्या जाणत्या मंडळींना सोबत घेऊन ती करून घ्या.