केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान

राजस्थान राज्याच्या पूर्व भागातील भरतपूर शहरालगतचे पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. २९ चौ. किमी. उद्यानातील केवलादेव या शिवमंदिरावरून व दाट झाडीचा वाचक असलेल्या ‘घना’ या शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. रानटी निसर्गाचा नमुना म्हणून त्याची ख्याती असली, तरी येथील दलदल बव्हंशी मनुष्यनिर्मित आहे. उद्यानाच्या व्यवस्थापनाचा इतिहास समजण्यास ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी लागते.

गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुरापासून भरतपूरच्या संरक्षणासाठी अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी अजान बांध बांधण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानने या बांधाचे पाणी कालव्याने घनाच्या सखल भागात आणले आणि लहान बांध व दरवाजे घालून त्याचे उथळ कप्पे पाडले. हेतू बदकांच्या शिकारीचा होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा शिकारींच्या नोंदी कोरलेले शिलालेख मंदिराजवळ आजही उभे आहेत. मात्र याच शिकारीसाठी खेळवलेल्या पाण्यावर पावसाळ्यात बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे, चमचे इत्यादींच्या वसाहती वसत गेल्या, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व हंस येत राहिले.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५६ मध्ये हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तथापि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. १९८१ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याचा समावेश झाला, १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान बनले आणि १९८५ मध्ये त्यास जागतिक वारसास्थानाचा दर्जा लाभला.

या सर्व काळात भोवतालच्या खेड्यांची सु. २,५०० गुरे घनात चरत असत. गवत, सरपण व खसाची मुळेही गावकरी तेथूनच नेत. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईस मनाई आहे. तदनुसार नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायी चाऱ्याची पुरेशी तजवीज झालेली नव्हती. गावकरी व पोलीस यांच्यात संघर्ष उद्भवला आणि गोळीबारात काही गावकरी मृत्युमुखी पडले. उद्यानांच्या कारभारात स्थानिकांचा विचार होतो की नाही, या वादात या घटनेचा दाखला पुढे वारंवार दिला गेला.

गुरे नकोत, असेच तत्कालीन बहुतेक पक्षितज्ञांचे मत होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या पुढाकाराने येथे पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता; १९८० पासून दहा वर्षे तिने उद्यानाचा परिस्थितिवैज्ञानिक अभ्यासही केला. त्याचे निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाले. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, तेच (पॅस्पॅलम डिस्टिकम) चराई थांबताच फोफावले. त्याच्या जाळीने पाण्याचा मोकळा पृष्ठभाग व्यापला, मासे व पाणवनस्पती यांना बाधा पोहोचली आणि अनेक पाणपक्ष्यांचे भक्ष्य दुर्मिळ झाले. अभ्यासकांनी चराई मर्यादित प्रमाणात हितावह ठरवली. ज्या संस्थेचा कल बंदीकडे होता तिनेच हे प्रांजळपणे नमूद करावे, हे विशेष होय. परंतु कायद्याने चराई पुन्हा सुरू करता येत नव्हती. म्हणून परवाने देऊन गावकऱ्यांकरवी गवत कापून घेण्याची प्रथा पडली. म्हशी जे पाण्यात उतरून करीत, ते विळ्याला पूर्णतः साधत नाही.

सायबीरियन क्रौंचाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९६० नंतरच्या दशकात येथे हिवाळ्यास सु. २०० क्रौंच येत. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. हा पक्षी चिखलातील कंद उकरून खातो. खसाची मुळे खणल्याने माती भुसभुशीत होऊन क्रौंचास कंद सहज मिळत, असे गावकऱ्यांचे म्हणणे. गवताच्या दाट जाळीने अडचण वाढली असावी. तथापि स्थलांतराच्या मार्गावर, विशेषतः अफगाणिस्तान व पाकिस्तान या देशांत, होणाऱ्या शिकारीचा वाटा मोठा मानला जातो. सर्व दोष चराईबंदीच्या माथी मारणे सयुक्तिक नव्हे.

पुढे प्रश्न गवतापेक्षा पाण्याचा झाला. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यापासून अजान बांधाकडे येणारे पाणी घटले. त्या पाण्यावर वरच्या भागातील शेतकऱ्यांचाही हक्क असल्याने काही वर्षी उद्यान जवळजवळ कोरडे राहिले. कोरड्या पात्रात वेडी बाभूळ पसरली. ती काढण्याचे काम २००७ च्या सुमारास गावकऱ्यांवर सोपवण्यात आले व लाकूड त्यांनाच देण्यात आले. २०१२ च्या सुमारास गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळाने उद्यानात आणण्यात आले. कोणत्या कप्प्यात किती पाणी केव्हा सोडावे, याचा निर्णय आजही दरवर्षी माणसालाच घ्यावा लागतो.