साडेचार फुटांचं पार्टिशन

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की कायदे आणि नियम इतिहासाचं साधन म्हणून वाचायचे कसे. आज एकच नियम घेऊन बसू. विषय रोजचा आहे: मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवायचं कोणी आणि कसं?

केंद्र सरकारने ११ एप्रिल २०११ रोजी सायबर कॅफेसाठी नियम काढले. त्यात चक्क एक माप आहे. कॅफेतल्या केबिनचं पार्टिशन जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. केबिनबाहेरच्या स्क्रीनचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं. अल्पवयीन मुलाला केबिनमध्ये बसू द्यायचं नाही, आईवडील किंवा पालक बरोबर असतील तरच चालेल. आणि कोण आलं, कधी आलं याची नोंद किमान एक वर्ष जपायची.

मी विज्ञानाकडून आलोय, त्यामुळे नजर आधी आकड्यावर जाते. साडेचारच फूट का? नियमात कारण दिलेलं नाही, पण खुर्चीत बसून बघा. बसलेल्याला आडोसा मिळतो, पण मागून जाणाऱ्या उभ्या माणसाला स्क्रीन दिसतो. म्हणजे सुरक्षा ही फर्निचरची बाब होती!

ही कल्पना २०११ ची नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. सहा वर्षांत प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे पोचला. अल्पवयीन मुलांना इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून वाचवायचे उपाय सुचवण्यासाठी न्यायालयाने २००१ मध्ये समिती नेमली आणि २००२ च्या सुरुवातीला तिचा अहवाल आला. कॅफेत येणाऱ्यांकडे ओळखपत्र मागा, मुलांना उघड्या जागेतल्या मशीनवर बसवा, आयपी लॉग ठेवा, अशा त्यातल्या शिफारशी. २०११ चे नियम वाचताना हा अहवाल शेजारी ठेवा, ओळख लगेच पटते.

आता नियमात कोण आहे आणि कोण नाही ते बघा. सगळी जबाबदारी कॅफेवाल्यावर. पालक येतात ते मुलासोबत आलेलं मोठं माणूस म्हणून. शाळा जवळजवळ नाहीच, कारण सायबर कॅफेची व्याख्याच मुळी लोकांना इंटरनेट पुरवणारा व्यवसाय अशी आहे. शाळेची कॉम्प्युटर लॅब त्यात बसत नाही.

रत्नागिरीसारख्या गावात हा नियम कागदावर यायच्या आधीच एका अर्थी पाळला जायचा. मी पाचवी-सहावीत ज्या कॅफेत जायचो, तिथला मालक माझ्या बाबांना ओळखायचा. पार्टिशन चांगलं डोक्याच्या वर होतं, पण "काय रे, बाबांना सांगू काय?" एवढं त्याने म्हटलं की पुरे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आज वाटतं, राग अगदीच चुकीचा नव्हता. कारण तिथे कोणी चॅटवर त्रास दिला असता, तर मी त्या माणसाला कधीच सांगितलं नसतं. जो पकडायला बसलाय त्याच्याकडे मदत मागायला कोण जाईल?

इथे दुसरा धागा जोडतो. १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांनी स्वतः फोन करावा म्हणून. तिचा इंटरनेटशी संबंध नव्हता. पण एकाच शहरातली ही दोन उत्तरं पाच-सहा वर्षांच्या अंतराने आली: एकात मूल बोलतं, दुसऱ्यात मुलाकडे बघितलं जातं. इंटरनेटच्या बाबतीत आपण बराच काळ दुसरं उत्तर धरून बसलो, असं माझं मत आहे.

मग फर्निचरच गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जो मोबाइल शाळेत आणायला बंदी होती तोच वर्ग झाला. स्क्रीन आता कोणत्याही भिंतीकडे तोंड करू शकतो.

मधल्या काळातली एक गोष्ट साधनांच्या दृष्टीने महत्त्वाची. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने देशभर घबराट पसरली, बातम्या आणि सूचनापत्रकांचा पाऊस पडला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. त्या वर्षीची कात्रणं वापरणार असाल तर ती भीतीचा पुरावा म्हणून वापरा, घटनेचा म्हणून नव्हे.

कायदा मात्र बदलत होता. २००९ पासून माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६७ब आलं, मुलांच्या लैंगिक चित्रणाविरुद्ध. २०१२ च्या पॉक्सोने तर अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन घातलं. म्हणजे "शाळेची अब्रू जाईल" म्हणून मुख्याध्यापकांनी प्रकरण आतल्या आत मिटवणं हाच गुन्हा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळलेली संमती लागते.

पण पालक म्हणजे कोण? आपल्याकडे बाप मुंबईला, कधी आईसुद्धा, आणि मूल गावात आजीकडे. फोनचं लॉक आजीला नातू उघडून देतो. संमतीचा ओटीपीही तोच वाचणार. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं घर आणि लांजा-राजापुरातलं घर यांत एवढं अंतर आहे. मागे एका पालकसभेत बोलायला गेलो, तर पहिला प्रश्न, "सर, कुठलं ॲप टाकू म्हणजे सगळं दिसेल?" साडेचार फुटांचाच प्रश्न, नव्या रूपात. एका आजीने मात्र वेगळं विचारलं: "त्याला कोणी धमकावलं तर तो फोन काढून घेतील या भीतीने माझ्याकडे येणारच नाही, मग मी काय करू?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की त्या वर्गाला आधीच शब्द देतात: सांगितलंत तर फोन जप्त होणार नाही.

यावर काम करायचं असेल तर एक अडचण आधीच सांगतो. कॅफेच्या नोंदवह्या वर्षभरच ठेवायच्या होत्या, त्यामुळे बहुतेक रद्दीत गेल्या असणार. जुने कॅफेवाले मात्र आहेत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं चालवतात. फॉर्म भरायच्या सीझनमध्ये जाऊ नका, ते बोलणार नाहीत. निवांत दुपारी जा, आणि त्यांना पार्टिशनबद्दल विचारून झालं की हेही विचारा: कधी एखादं मूल आपणहून तुमच्याकडे काही सांगायला आलं होतं का?